मदरबोर्डचं काम झालं आणि 'ॲक्टिव्हेट विंडोज' उगवलं: फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

आधी लक्षणं. लॅपटॉप पडला होता, त्यात चहा सांडला होता, बिजागरी तुटली होती किंवा तो चालता चालता बंद पडला होता. दुरुस्त होऊन घरी आला, आणि मग यातलं काहीतरी दिसायला लागलं:

- स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात पुसट अक्षरांत 'ॲक्टिव्हेट विंडोज'. कुठलीही खिडकी उघडा, ते वर तरंगतच राहतं.
- वॉलपेपर, थीम, टास्कबारचा रंग बदलता येत नाही. सेटिंग्जमधली ती पानं करडी पडलेली.
- सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन या पानावर लाल खूण आणि खाली एक एरर कोड.
- रोज सकाळी तारीख काही वर्षं मागे गेलेली, आणि ब्राउझर प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' म्हणतोय.
- सुरू करताच निळा स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. हा खरं तर ॲक्टिव्हेशनचा आजार नाही, पण बोर्डाच्या कामानंतर दोन्ही एकदमच येतात, म्हणून इथे घेतलाय.

पहिल्या तीन लक्षणांत तुमच्या फायलींना काहीही धोका नाही. ॲक्टिव्हेट नसलेलं विंडोज चालत राहतं, सुरक्षा अपडेट्सही येत राहतात. त्यामुळे घाई करून कुणाकडून तीन-चारशे रुपयांची ॲक्टिव्हेशनची की (२५ अक्षरी लायसन्स कोड) विकत घेऊ नका, आणि 'फॉरमॅट मारून देतो' म्हणणाऱ्याला तर अजिबात हो म्हणू नका. फॉरमॅटनं डिस्क पुसली जाते. हा बिघाड बहुतेक वेळा डिस्कवर नसतोच.

मग असतो कुठे? विंडोजचा सातबारा मदरबोर्डच्या, म्हणजे लॅपटॉपमधल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या नावावर असतो. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटावर २५ अक्षरी कीचं स्टिकर असायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून कंपन्या ती की बोर्डावरच्या बायोस चिपमध्येच (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम जिच्यात असतो ती) लिहून देतात. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत डिजिटल लायसन्स आलं: बोर्ड आणि इतर हार्डवेअरवरून एक ओळख तयार होते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. रॅम, एसएसडी, बॅटरी, स्क्रीन, कीबोर्ड बदलल्यानं ही नोंद सहसा मोडत नाही. बोर्ड बदलला की मोडते. बोर्ड तोच ठेवून बायोस चिप नव्याने लिहिली तरी मोडू शकते, आणि हे गिऱ्हाइकाला सहसा कुणी सांगत नाही.

म्हणून पहिला प्रश्न दुकानदाराला: बोर्ड बदललात, की तोच दुरुस्त केलात? आणि तोच असेल तर बायोस प्रोग्रॅम केली का? या एका फोननं निम्मी तपासणी वाचते.

कोड वाचून घ्या

ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा कोड कागदावर उतरवा. सुरुवातीचं शून्य-एक्स सगळ्यांना सारखंच, ते मी गाळतोय.

सी००४एफ२११ म्हणजे हार्डवेअर बदललंय असं विंडोजला दिसतंय. सी००४एफ२१३ म्हणजे या मशिनवर कीच सापडली नाही. ८०३एफ७००१ म्हणजे या मशिनच्या नावावर लायसन्स सापडत नाही. हे तिन्ही बोर्डाकडे बोट दाखवतात.

८००७२एफ८एफ आला तर आनंद माना. तो बहुतेक वेळा तारीख-वेळेचा असतो. सी००४एफ०७४ म्हणजे मशीन एखाद्या कंपनीचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर शोधतंय. सी००४सी००३ आणि सी००४सी००८ हे कीबद्दलचे: पहिल्यात की सर्व्हरनं नाकारली, दुसऱ्यात ती परवानगीपेक्षा जास्त मशिनवर वापरली गेली. स्वस्तातल्या कीचा शेवट बहुधा याच दोन कोडवर होतो.

१. तारीख, वेळ आणि टाइम झोन

फुकट आणि दोन मिनिटांचं काम. ॲक्टिव्हेशनसाठी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी लागते, आणि त्या जोडणीच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तुमचं मशीन २०१९ मध्ये बसलेलं असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि जोडणी तुटते.

झोन मुद्दाम बघा. नव्यानं विंडोज टाकलं असेल तर तो पुष्कळदा अमेरिकेतला राहतो. मग कुणीतरी घड्याळ हातानं पुढे-मागे करून भारतीय वेळ 'जुळवतं'. कोपऱ्यातली वेळ बरोबर दिसते, पण आतून घड्याळ अर्ध्या दिवसानं चुकलेलं असतं. यादीत 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' हाच झोन हवा, साडेपाच तास पुढचा. तो निवडा, मग 'सिंक नाऊ' दाबा.

आता मशीन बंद करून, चार्जर काढून रात्रभर ठेवा. सकाळी तारीख पुन्हा मागे गेली असेल तर घड्याळाचा सेल गेलाय. त्याचं पुढे येतं.

२. इंटरनेट खरंच पोचतंय का

वाय-फायची खूण दिसते म्हणजे इंटरनेट आहे असं नाही. हॉस्टेल, हॉटेल, ऑफिस इथलं वाय-फाय मध्येच लॉगिनचं पान अडवून ठेवतं. मोबाइल केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग सुरू करा आणि त्यावर प्रयत्न करा. वाय-फाय कार्ड मेलेलं असलं तरी हे चालतं.

बिजागरी तुटलेल्या लॅपटॉपवर याकडे विशेष लक्ष द्या. वाय-फायच्या अँटेनाच्या दोन बारीक वायरी, बऱ्याचदा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतूनच स्क्रीनच्या फ्रेममध्ये जातात. बिजागरी फाटली की त्या चिमटतात. राउटरशेजारी बसल्यावर नेट छान आणि दुसऱ्या खोलीत गेलं की तुटतं, असं होत असेल तर वायर तुटली समजा. अशा नेटवर ॲक्टिव्हेशन अर्ध्यात अडकतं.

नेट पक्कं झालं की ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडा आणि इंग्रजीत ही अक्षरं टाइप करा: एस-एल-एम-जी-आर, एक जागा, स्लॅश, ए-टी-ओ. ही 'आत्ता पुन्हा प्रयत्न कर' असं सांगणारी कमांड. बोर्ड मूळचाच असेल तर पुष्कळ मशिनं इथेच सुटतात.

३. विंडोज कोणतं आणि लायसन्स कोणतं

हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मला तरी सगळ्यात जास्त घोळ इथेच सापडतो.

भारतात घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य लॅपटॉपवर 'विंडोज होम सिंगल लँग्वेज' येतं. दुरुस्तीवाल्याच्या पेन ड्राइव्हवर मात्र असतं 'प्रो'. त्याच्या हिशेबी प्रो म्हणजे वरचं, चांगलं. तो बिचारा कौतुकानं प्रो टाकून देतो. पण चिपमधली की होम सिंगल लँग्वेजची. प्रो तिला ओळखत नाही, साधं होमसुद्धा ओळखत नाही. मदरबोर्ड धडधाकट, की जागेवर, तरी कोपऱ्यात अक्षरं येणारच.

सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे एडिशन दिसते. मूळची कोणती होती ते खरेदीच्या बिलावर किंवा खोक्यावरच्या लेबलवर सापडतं. जुळत नसेल तर उपाय एकच: डेटा बाहेर काढून, मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत मीडिया क्रिएशन टूलनं पेन ड्राइव्ह बनवून नव्याने इन्स्टॉल. चिपमध्ये की असेल तर हा पेन ड्राइव्ह एडिशन विचारतच नाही, स्वतःच योग्य ती निवडतो. प्रो वरून होमवर नुसती की बदलून उतरता येत नाही. फॉरमॅटला माझी हरकत नाही असं हे एकच ठिकाण, आणि तेही बॅकअप हातात आल्यावर.

आता चॅनल बघा, म्हणजे लायसन्स कोणत्या प्रकारचं आहे ते. मघाचीच कमांड, पण स्लॅशनंतर डी-एल-व्ही. एक खिडकी उघडते, त्यात 'प्रॉडक्ट की चॅनल' अशी ओळ असते. तिथे ओईएम-डीएम असेल तर लायसन्स लॅपटॉपबरोबर आलेलं आणि त्या यंत्राशीच बांधलेलं. रिटेल असेल तर कदाचित तुम्ही वेगळं विकत घेतलेलं, जे दुसऱ्या मशिनवर नेता येतं. 'कदाचित' अशासाठी, की जुन्या विंडोजवरून फुकट अपग्रेड झालेल्या मशिनवरही रिटेलच दिसतं. म्हणून त्या शब्दावर भरवसा ठेवण्याआधी बिल शोधा.

आणि व्हॉल्युम, म्हणजे कंपन्यांना घाऊक मिळणारं लायसन्स असेल तर? घरच्या लॅपटॉपवर व्हॉल्युम दिसण्याची दोनच कारणं मला आढळतात. एक तर मशीन कुठल्याशा कंपनीतून बाहेर आलेलं सेकंडहँड आहे, नाही तर कुणीतरी क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय ॲक्टिव्हेट करणारं चोरटं टूल मारलंय. कंपनीच्या पद्धतीत मशिनला दर १८० दिवसांच्या आत आपल्या सर्व्हरला तोंड दाखवावं लागतं. नाही दाखवलं की अक्षरं उगवतात. लॅपटॉप अजून ऑफिसचाच असेल तर इथेच थांबा आणि आयटी विभागाला कळवा. क्रॅक निघाला तर तो पुन्हा मारून घेऊ नका. ही टूल्स चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच मशिनवर तुम्ही नेट बँकिंग करता.

४. खात्यातून लायसन्स परत मागणं

ऑगस्ट २०१६ च्या अपडेटपासून डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडता येतं. बोर्ड बदलण्याआधी तुम्ही त्या खात्यानं लॉगिन होत असाल तर ही वाट उघडी आहे.

ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'ट्रबलशूट' दाबा. ते थोडा वेळ शोधतं, जमलं नाही म्हणतं, आणि खाली 'या डिव्हाइसवर मी नुकतंच हार्डवेअर बदललंय' अशा अर्थाचा इंग्रजी दुवा देतं. तो दाबून खात्यानं लॉगिन व्हा. खात्यातल्या उपकरणांची यादी येते. त्यातलं जुनं नाव ओळखून 'मी आत्ता हेच वापरतोय' यावर खूण करा आणि ॲक्टिव्हेट दाबा.

यादीतली नावं 'डेस्कटॉप' आणि पुढे अक्षरं-आकडे अशी एकसारखी असतात. घरात तीन लॅपटॉप एकाच खात्यावर असतील तर मुलीच्या चालू लॅपटॉपचं नाव निवडून बसाल, तेव्हा बघून निवडा. विंडोज वापरताना ॲडमिन असणं गरजेचं, आणि एडिशनही तीच हवी. लॅपटॉपबरोबर आलेल्या लायसन्सला या वाटेनं कधी कधी नकार मिळतो. तसं झालं तर पुन्हा पुन्हा दाबत बसू नका, पुढच्या पायरीवर जा.

५. डिस्कला मार बसलाय का

पडलेल्या लॅपटॉपवर, त्यातही जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर, लायसन्सची माहिती ठेवणारी फाइलच खराब झालेली असू शकते. ओळख सोपी: मघाच्या कमांडनं माहिती येण्याऐवजी कमांडच एरर देते, आणि बाकी मशीनही अडखळत असतं.

हव्या त्या सगळ्या फायली आधी बाहेर कॉपी करा. मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एस-एफ-सी, एक जागा, स्लॅश, स्कॅन-नाऊ. क्रम उलटा करू नका. ही तपासणी सगळी सिस्टीम वाचते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढा ताणही पुरे होतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. ॲक्टिव्हेशन नंतर.

६. बोर्डाला स्वतःचं नाव आहे का

सुरू करताना कंपनीप्रमाणे एफ२, एफ१० किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा. पहिल्याच पानावर मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. लॅपटॉप उलटा करून पोटावरच्या लेबलशी तो अक्षर अन् अक्षर ताडून बघा.

जुळला तर उत्तम. रिकामा असेल, 'डीफॉल्ट स्ट्रिंग' किंवा 'टु बी फिल्ड बाय ओईएम' असलं काही असेल, तर नवा बोर्ड बसवला पण त्यात तुमच्या लॅपटॉपची ओळख लिहिलीच नाही. अधिकृत सेवा केंद्रात हे लिहिण्याचं टूल असतं. बिल घेऊन परत जा आणि सरळ म्हणा, 'सीरियल आणि विंडोजची की बोर्डात लिहिलेली नाही, ती लिहून द्या.' वॉरंटीत बदललेल्या बोर्डाचं तर ते त्यांचंच काम आहे.

नंबर आहे पण भलताच, हा तिसरा प्रकार. गेल्या पावसाळ्यात एका शिक्षकांचा लॅपटॉप आला होता. पाणी गेलेलं, कुठल्याशा दुकानात बोर्ड दुरुस्त झालेला, बिलावर 'चिप लेव्हल वर्क'. बायोसमधला सीरियल कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकला तर वेगळ्याच प्रोसेसरचं मॉडेल समोर आलं. म्हणजे चिपमधला मजकूर बिघडला होता आणि कारागिरानं नेटवरून मिळालेली दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपची बायोस फाइल जशीच्या तशी भरून दिली होती. लॅपटॉप चालू झाला, पण सरांची की त्या चिपबरोबरच पुसली गेली. सुदैवानं त्या दुकानाच्या संगणकात चिपचा मूळ मजकूर राहिला होता. त्यातला कीचा आणि सीरियलचा भाग शाबूत निघाला, तो नव्या फाइलमध्ये बसवला आणि सुरू करून नेट जोडल्यावर अक्षरं आपोआप गेली. तो मजकूर मिळाला नसता तर नवं लायसन्स घेण्यावाचून इलाज नव्हता.

की चिपमध्ये आहे की नाही हे स्वतः बघायचं असेल तर पॉवरशेलमध्ये गेट-सिम-इन्स्टन्स या कमांडला सॉफ्टवेअर-लायसन्सिंग-सर्व्हिस हा क्लास देऊन ओए३एक्स-ओरिजिनल-प्रॉडक्ट-की ही प्रॉपर्टी मागायची. २५ अक्षरं आली तर की आहे. फोटो काढून ठेवा, कुणाला पाठवू मात्र नका. ओळ रिकामी आली तर बोर्डात की नाही. डॉसवर, म्हणजे विंडोजशिवाय विकलेल्या लॅपटॉपचा सेकंडहँड बोर्ड बसवला असेल तर ती कधी नव्हतीच.

७. घड्याळाचा सेल

पहिल्या तपासणीत तारीख मागे गेली असेल तरच. बहुतेक लॅपटॉपमध्ये सीआर२०३२ जातीचा, नाण्याएवढा सेल असतो. बऱ्याचदा काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला आणि दोन वायरींचा. नवा असताना ३ व्होल्ट दाखवतो. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली असेल तर बदला. कनेक्टरवाला मागा, साध्या सेलला घरी वायर डागायला जाऊ नका, तापला तर फुटतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये हा सेल नसतोच, मुख्य बॅटरीच घड्याळ सांभाळते. तिथे बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर मशीन वापरत असाल तर तारीख जाणारच.

एक सावधगिरी. सेल काढण्याआधी, आणि बोर्डाचं कुठलंही काम करण्याआधी, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर उपकरणांच्या भागात ती मिळते. नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन पुष्कळदा तुम्हाला न विचारता सुरू झालेलं असतं. ते कुलूप बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी जोडलेलं असतं. बोर्ड बदलला किंवा बायोसच्या सेटिंग्ज पुसल्या गेल्या की निळा स्क्रीन की मागतो. ती की नसेल तर डेटा जगात कुणालाही काढता येत नाही, कारागीर कितीही हुशार असो.

कुठे थांबायचं

टचपॅड वर उचलला गेलाय, खालचं झाकण फुगलंय: बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, दुरुस्तीवाल्याकडे न्या. टोचू नका, दाबू नका.

बोर्डावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसते, विशेषतः कीबोर्ड आणि वाय-फायच्या कनेक्टरजवळ: पाणी आत आहे. तांदळात पुरून काही होत नाही. चालू न करता द्या.

बिटलॉकरची की खात्यात सापडत नाही आणि आत महत्त्वाचं काही आहे: काहीही पुसू नका. घरातल्या प्रत्येकाचं खातं, जुन्या नोकरीचं किंवा कॉलेजचं खातं, सगळी तपासा. पहिल्यांदा लॅपटॉप चालू करून देणाऱ्या भाच्याच्या खात्यात सापडल्याची उदाहरणं आहेत.

बायोस चिप लिहिणं. प्रोग्रॅमर हजारभर रुपयांच्या आत मिळतो आणि व्हिडिओत सोपं दिसतं, पण आठ पायांची ती चिप उलटी पकडली किंवा व्होल्टेज चुकलं तर बोर्ड गेला. हे काम मुंबईच्या लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीसारख्या बाजारात रोज करणाऱ्याकडूनच करून घ्या.

देताना तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या: चिपला हात लावण्याआधी मूळ मजकुराचा बॅकअप काढून तो पेन ड्राइव्हवर देणार, बोर्ड बदलला तर जुना परत देणार, आणि बायोसमध्ये माझाच सीरियल दिसणार. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. घेताना तिथेच मोबाइलच्या नेटवर जोडून ॲक्टिव्हेशनचं पान उघडून बघा, पैसे त्यानंतर द्या.

मशीन विंडोज ११ न चालणारं जुनं असेल तर नवा बोर्ड अधिक नवं लायसन्स हा खर्च माझ्या मते करू नये. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. अशा लॅपटॉपवर डेटा काढून उबंटू किंवा लिनक्स मिंट ही विंडोजऐवजीची फुकट प्रणाली टाका. त्याला ना की लागते ना ॲक्टिव्हेशन, आणि मुलांच्या अभ्यासाला, ब्राउझरला तो छान चालतो.